तिसरा फेरा

आण्णासाहेबांनी जाफरचं मनगट धरून त्याला आखाड्याभोवती दोनदा फिरवून आणलं, तरी जोडीला कुणी उठेना.

डोंगराच्या दोन सोंडांमधे नदीचं कोरडं पात्र, आणि त्यात नांगरून मऊ केलेली माती. दोन्ही उतारांवर दहा गावची माणसं बसलेली. डोक्यावर चैताचं ऊन. रीत अशी, की पंचानं गड्याला हात धरून फिरवायचं आणि ज्याच्या अंगात खुमखुमी असेल त्यानं खाली उतरून त्याच्या हातावर हात मारायचा. तिसऱ्या फेऱ्यालाही कुणी आलं नाही, तर नारळ अन् फेटा न लढताच त्या गड्याला देऊन टाकायचा. गेल्या साली जाफरच्या हातावर हात मारायला तिघं धावले होते, आणि पहिला कोण आला यावरून तिघांचं तिथंच जुंपलं होतं.

औंदा निजामाचं राज्य जाऊन सातवा महिना चालला होता. आधी रझाकारांनी मुलूख छळला. जाफर पिंजारी त्यांच्यात कधी नव्हता, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. पण फौज आली, राज्य बुडालं, लोक सूड घ्यायला निघाले, तेव्हा हे सांगायला एकानं तोंड उघडलं नाही. सगळे मूग गिळून बसले. जाफरचा धाकटा भाऊ नबीलाल जोंधळ्यात लपला होता, तो तिथंच मारला गेला. घरची बाकीची माणसं हैदराबादेला निघून गेली. जाफर तेवढा मागं राहिला.

तेव्हापासून गाव त्याच्याशी फार चांगलं वागत होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. पाणवठ्यावर त्याला पुढं जाऊ देत. पारावर आला की सरकून जागा करत, आणि चाललेलं बोलणं थांबवत. सात महिन्यांत त्याला कुणी शिवी दिली नव्हती. कुणी पाठीत धपाटा घातला नव्हता. भरल्या गावात तो असा एकटा पडला होता, आणि ते त्याला सोसत नव्हतं. आज कुणीतरी मानगूट धरावं, मातीत नाक घासावं, एवढ्यासाठी तो लांग चढवून आला होता.

"बास करू या का?" आण्णासाहेब हळूच म्हणाले. "नारळ घे. तुझाच हाय."

"एक फेरा ऱ्हायलाय, आण्णासाहेब."

तिसरा फेरा सुरू झाला. जाफर एकेका तोंडाकडं बघत चालला. ज्याच्याकडं बघावं तो पायाखालची माती उकरायला लागे, नाहीतर समोरच्या डोंगराकडं बघे. फेरा संपायला दहा-बारा पावलं उरली असतील, तोच करंजाच्या सावलीतून लिंबाजी उठला.

लिंबाजी म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. अंगानं दीडपट, डावात तरबेज. गेल्या साली त्यानंच जाफरला ढाक लावून पाडलं होतं. त्यानं पैरण काढली, खाली उतरला आणि जाफरच्या हातावर हात मारला. हलगी कडाडली. जाफर हसला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच हसला असेल.

दोघांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली. कपाळाला कपाळ भिडलं. लिंबाजीचा जड पंजा मानेवर पडला, त्याच्या तोंडाचा कांद्याचा अन् तंबाखूचा वास आला, आणि जाफरला वाटलं, आपण आता इथंच रडतो की काय. त्यानं रडू गिळलं आणि नुसता अंदाज घ्यावा म्हणून लिंबाजीच्या पायाला हात घातला.

लिंबाजीचा पाय आपण होऊन वर आला. एवढा मोठा गडी उताणा झाला आणि दोन्ही खांदे मातीला लावून पडून राहिला.

उतारावरची माणसं उठून ओरडायला लागली. एवढा गलका जाफरच्या नावानं आजवर कधी झाला नव्हता. फेटे उडाले. आण्णासाहेबांनी डोळे पुसले. कुस्ती नुरा झाली, मुद्दाम हरलेली, हे लहान पोरालाही कळलं असतं. पण गावाला आज फार हलकं वाटत होतं.

जाफर तिथंच मातीत लिंबाजीशेजारी बसला.

"ऊठ," तो म्हणाला. "पुन्हा धर."

"झालं की. कुस्ती तुझी."

"मला नगं कुस्ती. तू धर."

लिंबाजीनं मान दुसरीकडं फिरवली. "न्हाय रं होत. तुला पाडायला हातच उचलत न्हाय."

"गेल्या साली पाडलंस अन् छातीवर बसून म्हणालास, पिंजाऱ्या, कापूस पिंजावा तसा पिंजला का न्हाय तुला. समदं गाव हसलं."

"तवाचं कशाला काढतोस आता?"

"लई बरं वाटलं होतं मला," जाफर म्हणाला.

लिंबाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कानाकडं ओघळलं, तरी तो उठला नाही. तेवढ्यात आण्णासाहेबांनी जाफरच्या डोक्याला फेटा गुंडाळला. उतारावरून चौघं धावत आले. त्यांनी जाफरला अलगद, कुठं लागू नये असं जपून उचललं, खांद्यावर घेतलं आणि गावाच्या वाटेला लागले. मागं सगळी माणसं चालायला लागली.

जाफर वरून म्हणाला, "खाली ठिवा रं मला. म्या अजून जित्ता हाय."