कडक वडी

रविवारी दुपारी एक वाजता, मोशीच्या फ्लॅटमध्ये, बबनरावांनी दोन कोथिंबीर वड्या कानाशी नेऊन मोडल्या. चाकणच्या कंपनीत जन्मभर पीस तपासलेला माणूस. डॉक्टरांनी तळण बंद केल्यापासून ते अर्धपोटी उठत. म्हणून सुनेने, विजयश्रीने, बहिणीचा एअर फ्रायर आणि शेजारणीचा कन्व्हेक्शन ओव्हन मागून आणला होता. सासरे म्हणतील ते विकत घ्यायचं.

"फ्रायरची कडक हाय, तळल्यागत. ओव्हनची जरा मऊ."

"मग फ्रायर घेऊ ना, अण्णा?"

"ओव्हन घे."

"अहो, पण का?"

"फ्रायर लावला की आमी खायचं आन तू घाण्यावर घाणा काढत उभी. ओव्हनचा ट्रे एकदम निघाला, तवा तूबी ताट घेऊन बसलीस."

संध्याकाळपर्यंत काहीच मागवलेलं नव्हतं. विजयश्री अजून फ्रायरवरच अडून होती.