पाळत

"बारा तुकडे तपासले, काका. दोनांतच सापडला, तोही थोडासा," डॉक्टर शुक्री म्हणाले. "कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला नाही, आणि वाढतोही अगदी संथ. तीन वाटा आहेत. ऑपरेशन, किरणं, नाहीतर आत्ता काहीच करायचं नाही. नुसती पाळत ठेवायची."

कॅन्सरचं नाव निघालं तेव्हा लजहरमास्तर ढिम्म होते. आता मात्र त्यांचा चेहरा पडला.

"कापून टाका," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. कापलं की लघवीवर ताबा राहीलच असं नाही, नवराबायकोचं सुख राहीलच असं नाही. धोका इतका कमी असताना घाई कशाला? दर तीन महिन्यांनी यायचं, रक्त द्यायचं. वाढतोय असं दिसलं तर तेव्हा कापू.

"दर तीन महिन्यांनी हजेरी," मास्तर म्हणाले. "नको. कापा."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, मबरूकाने, मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "लेकरा, तुला कुठून ठाऊक असणार. हे तुरुंगातून सुटले आणि नऊ वर्षं पोलिसांची पाळत यांच्यावर. सकाळ-संध्याकाळ ठाण्यात वेळ घालून सही. स्फाक्स शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आईच्या कबरीवर माती टाकायची सोडून सहीला पळालेत हे."

डॉक्टर ओशाळले. "मग आपण देखरेख म्हणू."

"तेही देखरेखच म्हणायचे," मास्तर म्हणाले.

मबरूका नवऱ्याकडे वळली. "नऊ वर्षांत काय सापडलं हो त्यांना?"

"काय सापडणार? काही नव्हतंच."

"काही नव्हतं तेव्हा मुकाट्याने बघू दिलंत. आता आहे, तर बघू द्यायला काय होतंय? ऑपरेशन करून घ्याल आणि लंगोट मी बदलू?" तिचा आवाज एकदम खाली आला. "मला तुम्ही धडधाकट हवे आहात. ती नऊ वर्षं मीही दारात उभी राहून काढलीत."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "डॉक्टर, मध्येच नको वाटलं तर?"

"थांबवू. त्याच दिवशी."

"आणि गाव सोडून जायचं झालं?"

"खुशाल जा. लेकीकडे जा, मक्केला जा. मला विचारायचीसुद्धा गरज नाही."

मास्तर बराच वेळ बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी देखरेखीच्या संमतीचा कागद पुढे ओढला आणि सही केली. सहीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: दहा वाजून चाळीस मिनिटं.

"काका, वेळ लिहावी लागत नाही इथे," डॉक्टर म्हणाले.

"असू दे," मास्तर म्हणाले. "उशिरा आला असं कोणी म्हणायला नको."