फलाटाच्या उलट्या बाजूनं

गाडीचा वेग कमी झाला तसा मौलाली फलाटाच्या उलट्या बाजूच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"पावणं, तिकडं काय हाय?" बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं. "फलाट हिकडं हाय की."

"ठावं हाय. मीच बांधलाय."

ते खोटं नव्हतं. महाराज गादीवर यायच्या तीन वर्षं आधी कोल्हापुरात रेल्वे आली, तेव्हा मौलाली इथं दगड घडवत होता. एकच फलाट. बाहेर पडायला एकच फाटक. रुळांच्या पलीकडे गुळाचं लांबलचक गुदाम, त्यामागं तारेचं कुंपण, मग शेतं. पुढं कामासाठी तो मिरजेला गेला आणि तिथलाच झाला. पण डोळे मिटले तरी हे स्टेशन त्याला चिऱ्यागणिक दिसायचं.

आता त्या एकुलत्या फाटकाशी प्लेगचा डॉक्टर टेबल टाकून बसत होता. उतारूंच्या काखा चाचपायच्या, अंग जरा कढत लागलं की दहा दिवस कोंडून घालायचं. मौलालीला ताप नव्हता. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, अंग तापल्यासारखंच झालं होतं. आणि अम्माजवळ दहा दिवस नव्हते. 'इमामबीला ताप भरलाय, तुझं नाव घेतीया,' असा परवा सकाळी धाडलेला निरोप काल संध्याकाळी त्याला मिळाला होता.

गाडी फलाटाला लागायच्या आत त्यानं उडी टाकली. चैत्रात गुळाचा हंगाम सरलेला असतो, गुदामात चिटपाखरू नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. भिंतीला अंग घासत, खिडक्यांखालून वाकून तो पळाला. कुंपण ओलांडलं. मागून कुणी ओरडलं नाही.

गल्लीत माणूस नव्हतं. लोक घरं सोडून रानात खोपटी घालून राहिले होते. प्लेगच्या घरात ऊन शिरावं म्हणून अम्माच्या घराची कौलं उतरवलेली होती, आत नुसतं ऊन पडलं होतं. शेजारची बायडाबाई आपल्या घरातली राहिलेली भांडी न्यायला आली होती. त्याला बघून ती दोन पावलं मागं सरली.

"मावशी, अम्मा कुठं हाय?"

"परवाच नेली की शिपायांनी. समदी आजारी माणसं स्टेशनातच ठेवल्यात. गुळाच्या गुदामात."

"गुदामात?"

"व्हय. आता गूळ कुठला? खाटा हायत तितं."

तो आल्या पावली पळत सुटला. या वेळी सरळ रस्त्यानं, थेट फाटकाशी.

"मिरजेसनं आलोय," तो धापा टाकत शिपायाला म्हणाला. "गुदामात कोंडा मला."

शिपाई हसला. "येडा का खुळा तू? लोकं तितनं सुटाया बघत्यात." पण डॉक्टरनं मान हलवली आणि त्याला रूळ ओलांडून जाऊ दिलं.

गुदामाच्या दाराशी आजाऱ्यांची देखभाल करणारी चिमणाबाई एक वाकळ गुंडाळत होती. जाळायला न्यायची होती.

"इमामबी कुठल्या खाटंवर हाय?"

चिमणाबाईनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"घटका झाली असंल. गेली."

मौलाली उंबऱ्याच्या दगडावर बसला. त्यानं विचारलं, "माझं नाव घेतलं का तिनं?"

"सकाळी गाडीची शिट्टी ऐकली, तशी खिडकीशी बसीव म्हणाली. तू खालनं वाकून पळत हुतास, लगीच वळखलं तिनं." चिमणाबाईनं वाकळ खाली ठेवली. "मी हाक मारणार, तर माझ्या तोंडावर हात ठिवला. म्हणाली, गप बस बाई, शिपाई धरत्याल त्येला."