चैतूचा खांब

"फोटो नको काढू," धुरपता म्हणाली, तोवर पिंपळशेंडे साहेबांनी बटण दाबलंही होतं.

"एकच घेतला, बाई. आठवण म्हणून."

"तुह्या घरी कोनी मेलं का मले सांग. मीबी येईन आठवन घ्यायले."

जीपमधून उतरलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कुंपणाबाहेर गाडीला टेकून उभा असलेला गुलाब तिथूनच ओरडला, "साहेब, कॅमेरा पिशवीत टाका. नाई तर चला, बसा गाडीत. झाली तुमची सहल!"

गुलाब दर रविवारी चंद्रपूरहून माणसं घेऊन यायचा. सकाळी तळं, दुपारी धानोऱ्यापलीकडचं हे गाव. इथे बांबूच्या टोपल्या विणताना बघायच्या, लाकडाचा मोर नाहीतर हत्ती विकत घ्यायचा आणि ऊन कलायच्या आत परत. अंधारात तो या रानात गाडी घालत नसे. रानडुकरं आडवी येतात, म्हणायचा.

धुरपतेचा नवरा चैतू मेल्यापासून तो तिच्यासाठी मीठ, तेल, चहापत्ती आणायचा. कुंपणावर पिशवी अडकवायचा नि मागे फिरायचा. आलेल्या पाव्हण्यांवर ती दर वेळी डाफरायची, पण गुलाबला भाऊ म्हणायची.

आज अंगणात चैतूचा खांब आडवा पडला होता. सागाचा, अर्धा माणूस रुंद. चैतूचा थोरला भाऊ लालसू त्यावर पटाशी चालवत होता.

"हे विकायला आहे?" जीपमधून आलेल्या कहकशाँनं हळूच विचारलं. ती चंद्रपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची.

"नाई बाई. हा उद्या उभा करायचा हाय, रानात. मेला त्याच्या नावाचा." लालसूनं भुसा फुंकला. "कसा जगला ते वर. कसा गेला ते खाली. वाघानं नेला तं वाघ, पुरात गेला तं मासा. खोटं नाई कोरत. खोटं कोरलं तं मेलेला आपल्या खांबापाशी येत नाई. हिंडत राह्यते."

वर ढोल होता, नांगर होता, डोक्यावर टोपली घेतलेली बायको होती. खाली जीप होती. जीपपुढची जागा कोरीच होती.

"इथी माणूस पाह्यजे," लालसू म्हणाला. "पन कसा, ते कोनालेच ठावं नाई. गेल्या सालच्या मोहाच्या दिवसात, सकाळी वळनावर सापडला. मातीत चाकं उमटली होती फकत."

"दारू पिऊन निजला होता रस्त्यावर, असं लिवलं ठान्याच्या कागदात," धुरपता म्हणाली. "पेतच नोता तो! मोहाचा वास आला तं नाक मुरडे. अख्ख्या गावाले ठावं हाय."

पिंपळशेंडे साहेब हसले. "सगळ्याच बायका असंच म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात मी एकटाच स्वतःची जीप घेऊन याच रस्त्यानं गेलो होतो, रात्री. जागोजागी पडलेले असतात. गाडीवाल्यानं बिचाऱ्यानं करायचं काय?"

धुरपता उठली.

"गेल्या उन्हाळ्यात?"

"हो. का?"

"मोह वेचून झाले होते का वेचनं चालू होतं?"

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हललं. "मला काय माहीत? मोह बघायला गेलो होतो का मी?"

"रातच्याले आला, एकटा आला, जीप घेऊन आला!" ती त्यांच्या अंगावर धावली. "आन आता फोटो काढतं रे माहा? माह्या दारात येऊन?"

टोपल्या विणणाऱ्या बायका हातातलं काम टाकून उठल्या. कहकशाँनं मध्ये पडून तिला धरलं. लालसू मात्र जागचा हलला नाही. त्यानं पटाशी खाली ठेवली आणि हात जोडले.

"साहेब, तुमी होते का? काई करत नाई आमी तुमाले. ठान्यात नाई, कोर्टात नाई. उभा होता का निजला होता, तेवढंच सांगा. उद्या गाव जेवनार हाय. मले आजच कोरा लागते."

"मी नव्हतो!" साहेब घामेजले होते. "वेडे आहात का तुम्ही? मी कोणाला धडकलो नाही! आणि जो कोणी असेल तोही हेच सांगेल, झोपला होता. पिऊन झोपला होता तो!"

दूर कुठंतरी भोरड्यांचा थवा कलकलाट करत उठला आणि निघून गेला.

लालसूनं चुलीतला कोळसा आणला. जीपपुढच्या कोऱ्या जागेत त्यानं एक रेघ ओढली. डोकं, पाठ, पाय. आडवा माणूस.

"दादा, नको," धुरपता म्हणाली. "पोरं मोठी होतीन. येता-जाता हेच पाह्यतीन. आपला बाप दारू पिऊन मेला."

"मंग काय कोरू? तूच सांग. तू पाह्यला का?"

ती नव्हती तिथे. कोणीच नव्हतं. वर्षभर तिनं येणाऱ्या प्रत्येक गाडीला शिव्या घातल्या होत्या, प्रत्येक साहेबाच्या डोळ्यांत बघितलं होतं. आता तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

"कोर," ती म्हणाली. "निजलेलाच कोर."

लालसूनं पटाशी रेघेवर ठेवली.

कुंपणाचं फाटक करकरलं. वर्षात एकदाही अंगणात न आलेला गुलाब खांबापाशी येऊन उकिडवा बसला. साहेबांकडे त्यानं अशा रागानं बघितलं, की ते मागे सरकले. मग त्यानं लालसूचा हात बाजूला सारला आणि कोळशाचा तो आडवा माणूस तळव्यानं खसाखसा पुसून टाकला.

"निजला नोता तो, बाई," गुलाब म्हणाला. "उभा होता. थांब म्हनून हात वर केला होता त्यानं, आन तोंडावर माह्या गाडीचा उजेड होता."