पुढे चालणारा

रेड्याने घणवाल्याला भिंतीशी दाबलं आणि बरगड्या मोडल्याचा आवाज साऱ्या कत्तलखान्याने ऐकला. मग जो तो हाताला लागेल ते घेऊन धावला. गज, साखळ्या, फावडी. रेड्याच्या पाठीतून रक्ताच्या धारा लागल्या, तरी तो शिंगं रोखून उभाच. लोणी तेवढा कोपऱ्यात ओकत होता.

लोणी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. रक्त दिसलं की हा वितळतो, म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं. सोलायला बसवलं तर हात थरथरायचे, आतडी धुवायला लावलं तर भोवळ यायची. भीड खर्चून त्याला इथे चिकटवणारा, इथेच कामाला असलेला मेहुणाही आता टेकीला आला होता. त्याच सकाळी मालकाने शेवटचं बजावलं होतं. घरी बायको पोटुशी, आणि बाहेर त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं.

त्याने तोंड पुसलं आणि, का ते त्यालाही कळलं नाही, तो सरळ रेड्याकडे चालत गेला. त्याच्या मानेवर हात ठेवला. हळू आवाजात काहीबाही बोलू लागला, तापलेल्या पोराशी बोलतात तसं. कातडीची थरथर थांबली. मग लोणी वळला आणि अरुंद बोळातून चालू लागला. रेडा मुकाट त्याच्या मागे. बोळाच्या टोकाच्या लोखंडी दाराशी भिंतीत माणूस जाईल एवढी फट होती. लोणी तिच्यातून बाहेर निसटला, रेडा दारातून आत गेला. आत दुसऱ्या कुणीतरी घण उचलला.

"प्रत्येकाच्या अंगात एक गुण असतो," मालक खूश होऊन म्हणाला. "तुझा आज सापडला बघ."

तेव्हापासून रोज लोणी पुढे आणि जनावरं मागे. ना गज, ना आरडाओरडा. मालकाने त्याला नवे बूट दिले. मेहुणा चारचौघांत छाती फुगवून 'आमचे दाजी' म्हणू लागला. लोणीला मात्र घरी बायकोच्या पाठीवरून हात फिरवायची चोरी झाली. त्या हाताखाली तिचे डोळे मिटले की तो हात झटकन मागे घ्यायचा.

मग एके दिवशी सोलायच्या यंत्राने एका म्हाताऱ्या कामगाराचा हात कोपरापासून ओढून नेला. मालकाने दवाखान्यात न्यायला गाडी दिली नाही. आधी यंत्र धुऊन घ्या म्हणाला. तेव्हा मात्र साऱ्यांचंच डोकं फिरलं. सुऱ्या उपसून ते अंगणात म्हाताऱ्याभोवती कडं करून उभे राहिले.

मालकाने लोणीला आत बोलावलं. लोखंडी दाराआड भाड्याने आणलेले गुंड कोयते घेऊन दबा धरून होते.

"तुझं ते ऐकतात," मालक म्हणाला. "मालक बोलायला तयार आहे म्हणून सांग. सुऱ्या खाली ठेवायला लाव आणि एकेकाला बोळातून आण. उद्यापासून तू मुकादम."

लोणी अंगणात आला. मेहुण्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. लोणीने तिथे हात ठेवला आणि हळू आवाजात त्याला नावाने हाक मारली. शिरा सैल पडल्या. मेहुण्याने सुरी खाली ठेवली.

"तुम्ही म्हणता तर येतो, दाजी. चला."

किती सोपं होतं ते. लोणीला स्वतःच्या हाताची किळस आली. पण त्याने हात काढला नाही, आवाजही चढवला नाही.

"सुरी उचल. आत कोयतेवाले आहेत. म्हाताऱ्याला खांद्यावर घ्या आणि सगळे फाटकाबाहेर पडा. आवाज न करता."

"आणि ते मागे धावून आले तर?"

"बोळातून कुणी येतंय असं दिसतंय तोवर ते जागचे हलायचे नाहीत. मी जातो. बहिणीकडे लक्ष दे."

मेहुण्याने त्याचा दंड घट्ट धरला. लोणीने एकेक बोट सोडवलं आणि तो बोळात शिरला. फट आली. ती त्याने मागे टाकली आणि लोखंडी दार लोटलं. आज त्याच्या मागे कुणीच नव्हतं.