सोळा रंगांचं कार्ड

“सोळा रंग पुरेत, पेंटर,” हेमचंद्र म्हणाला. “लेबलं करायचीत की रंगपंचमी खेळायचीय?”

मुंजाबा पेंटर हसला नाही. उस्मानपुऱ्यातल्या त्या एका खोलीच्या दुकानात तो आणि त्याची बायको राजाबाई सकाळपासून बसले होते. हेमचंद्र वाळूजची इंजिनिअरची नोकरी सोडून कॉम्प्युटर जुळवून द्यायला लागला होता. सुटे भाग मुंबईहून यायचे. कोणता घ्यायचा ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. आजचं गिऱ्हाईक काही केल्या ठरवत नव्हतं. प्रत्येक भाग आधी बायकोपुढं जात होता.

“साडी घ्यायला आलाय का रे?” कोपऱ्यातून कडुबाशेठ म्हणाला. कडुबाशेठचा छापखाना होता आणि मुंजाबाला निम्मं काम त्याच्याकडून मिळायचं. त्यामुळं सल्ला द्यायला आणि चहा प्यायला तो हक्कानं आला होता. “हा बायकोला विचारल्याशिवाय ब्रश बुडवत नाय. शिडीवर हा, खाली डबे धरून ती. अख्ख्या बजाजनगरला माहीत हाय.”

राजाबाईनं पदर सावरला. मुंजाबा कानकोंडा झाला.

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, तेव्हा कन्नड-सोयगावपर्यंत जाऊन त्यानं कॉलेजांच्या पाट्या नव्यानं लिहिल्या होत्या. एवढं काम त्याला कधीच मिळालं नव्हतं. पण नंतर हात रिकामे झाले ते झालेच. कंपन्या म्हणायला लागल्या, डिझाईन कॉम्प्युटरवर करून आणा, हाताचं नको. गाळ्यासाठी जमवलेलं होतं नव्हतं ते सगळं आज या पेटीत जाणार होतं.

“नीट ऐका,” हेमचंद्र म्हणाला. “रंगाचं भारी कार्ड घेतलं तर तेवढ्याच पैशात मेमरी अर्धी घ्यावी लागेल. मग मशीन रडतं. एक चित्र उघडेपर्यंत तुमचा चहा होईल.”

“चहा पिऊ,” मुंजाबा म्हणाला. “रंग लई पाहिजेत.”

हेमचंद्रनं कपाळाला हात लावला आणि शेजारी शेजारी दोन मशीन सुरू केली. दोन्हींवर तोच पोपट. एक सोळा रंगांत, एक भारी कार्डावर. “आता तुम्हीच सांगा, पेंटर. एवढा काय फरक आहे?”

मुंजाबानं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. “हिला विचारा.”

राजाबाई वाकली. “ह्यो पोपट आजारी दिसतोय,” ती हळूच म्हणाली. “पाठीवर ठिपकं उठलेत. त्यो दुसरा आत्ता उडंल.”

“मंग दुसरा,” मुंजाबा म्हणाला.

कडुबाशेठला हसताना चहाचा ठसका लागला. मुंजाबानं तिकडं लक्ष दिलं नाही. आता त्याला माऊस लहान हवा होता. हेमचंद्रनं पुढं केलेला त्यानं राजाबाईच्या हातात दिला, तिची बोटं पोचतात का ते पाहिलं आणि दुसरा मागितला.

“पोरांना खेळायला देऊ नका हं,” हेमचंद्रनं बजावलं.

“पोरांसाठी नाय.”

“बरं. सोमवारपासून इथंच शिकायला या. महिनाभरात हात बसेल.”

“म्या नाय येत,” मुंजाबा म्हणाला. “ही यील.”

राजाबाई दचकली. “अवं, म्या? सातवीतनं शाळा सुटली माझी!”

“वहिनी येऊन काय करतील?” हेमचंद्र म्हणाला. “पेंटर तुम्ही!”

मुंजाबानं कडुबाशेठकडं एकदा पाहिलं. राजाबाईला ती नजर कळली. तिनं त्याची बाही धरली. “चला घरी,” ती म्हणाली. “नंतर येऊ. चला म्हनते ना.”

“किती दिवस दडवायचं?” मुंजाबा म्हणाला. मग तो हेमचंद्रकडं वळला. “साहेब, मला तांबडं अन् हिरवं येकच दिसतं. जल्मापासनं. डबा ही उघडून देती. मिसळायचं किती, ते ही सांगती. म्या अक्षर काढतो. आता अक्षर तर तुमचं मशीन काढणार. ऱ्हायला रंग. त्यो मला दिसत नाय.”

बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. राजाबाईनं मान खाली घातली. इतकी वर्षं तिनं ही गोष्ट सासरी सांगितली नव्हती, माहेरीही नाही. कळलं असतं तर आंधळ्या पेंटरला काम कुणी दिलं असतं? आणि ज्याच्यापासून सगळ्यात जास्त लपवायचं, तोच समोर बशी धरून बसला होता.

कडुबाशेठनं बशी खाली ठेवली. “म्हंजी माझ्या लेबलांचे रंग,” तो सावकाश म्हणाला, “गिऱ्हाईक ज्याची तारीफ करून जातं, ते...”

“हिचे,” मुंजाबा म्हणाला.

कडुबाशेठनं मिशीवरून हात फिरवला. तो काय बोलतो याची वाट पाहताना राजाबाईनं हातातला माऊस घट्ट धरला होता.

“आन् म्या समजत व्हतो, गडी बायकोला भितो,” कडुबाशेठ म्हणाला. मग कधी नव्हे ते तो थेट तिच्याशी बोलला. “बाई, ते मिरची पावडरीचं लेबल तुमच्याकडंच. देठाचा हिरवा तुम्ही ठरवा. ह्याला अजिबात विचारू नका.”

मुंजाबा हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

हेमचंद्र उठला. त्यानं आपली खुर्ची पोपटासमोर सरकवली आणि रुमालानं झटकली.

“या पेंटर,” तो म्हणाला, “बसा.”

मुंजाबा जागचा हलला नाही. राजाबाई बसली.