मौनाचं जेवण

केशरबाईनं ताटाला हात जोडले आणि ओठ मिटले. आता जेवण होईस्तोवर बोलणं नाही. चातुर्मासात ती एकदाच जेवायची, दुपारी देवपूजा आटोपून. आणि जेवताना मौन. चुकून शब्द निघाला तर ताटावरून उठायचं आणि दुसऱ्या दुपारपर्यंत पाण्यावर राहायचं, असा नेम. सासूनं लावून दिलेला. तिनं तो कधी मोडला नव्हता.

दिवसभरात एवढंच काय ते स्वस्थपण. गेला पंधरवडा दोन्ही लेकरं तिच्याकडे वळून म्हणत होती, "आई, तू सांग." ती म्हणायची, "तुमचं तुमी बगा." मौनात तेवढंही म्हणावं लागत नव्हतं.

धनश्री मोबाईल घेऊन उंबऱ्याशी बसली होती. पोरगी रशियन घेऊन बी. ए. झालेली. एम. ए.ला दोन्हीकडे नंबर लागला होता, पुण्याला आणि दिल्लीला. आज संध्याकाळच्या आत एक जागा पक्की करायची, दुसरी सोडायची.

"पुण्यात काय वाईट हाय?" थोरला मच्छिंद्र म्हणाला. रात्रपाळी करून तो सुप्याच्या कंपनीतून तसाच घरी आला होता. भिंतीला टेकून, डोळे मिटूनच बोलत होता. "भाषा तीच ना? का दिल्लीची रशियन जरा गोड असती, आपल्या कारखान्याची साखर घातल्यावानी?"

"दादा, पुण्यात बोलायला शिकवतात, कंपनीत दुभाष्याचं काम मिळेल एवढं. दिल्लीला त्यांची पुस्तकं शिकवतात. सगळा इतिहास. माणसं कशी जगली ते."

"आन् हितली मानसं कशी जगत्यात ते? परवा आई गोठ्यात चक्कर येऊन खाली बसली. मी पाळ्यांत अडकलेला. पुण्याहून तू शनवारी येशील तरी. दिल्लीहून काय, दिवाळीला?"

हे सगळं धनश्रीनं स्वतःलाच कितीदा तरी ऐकवलं होतं.

केशरबाईनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. लेक सुट्टीत घरी असली की पहाटे ओट्यावर बसून ती पुस्तकं वाचायची, ओठ हलवत, जप केल्यासारखी. अंगण झाडताना केशरबाई तिच्यापुरती जागा सोडून झाडायची. जपाला बसलेल्या माणसाजवळ केरसुणी नेऊ नये.

"जाऊ दे," धनश्री म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. उन्हातून चालून आलेलं माणूस पाणी मागतं, तसा आवाज. "पुणंच करते. कंटाळले मी." तिनं अंगठा मोबाईलवर नेला.

"दिल्ली."

दोघांनी वळून पाहिलं. केशरबाईच्या हातात तो तुकडा तसाच होता आणि ताटात भाकरी जवळजवळ अख्खी.

"आई, अगं, जेवताना बोललीस!"

"बोलले." तिनं तुकडा ताटात ठेवला. "दिल्लीचं कर. चक्कर आल्ती, गेली. लंकाबाई हाय शेजारी, हाक मारली की येती." जमिनीवर हात टेकत ती उठली, मोरीवर जाऊन हात धुतला. "आन् मच्छिंद्रा, तू बी झोप आता. किती दमशील."

मच्छिंद्र भिंतीशीच आडवा झाला. धनश्रीनं अंगठा टेकवला. जागा पक्की झाली.

"मोडलंच हाय," केशरबाई म्हणाली, "तर आता तुजी ती भाषा जरा ऐकव. एवढी वर्सं वाचतीस, मी कदी विचारलंच न्हाई."

धनश्री ताटाकडे बघत होती. मग तिनं हळूच चार शब्द उच्चारले. ऐकायला मऊ होते.

"काय म्हनलीस?"

"आई, दोन घास तरी खा."

पदराला हात पुसता पुसता केशरबाई थांबली.

"तिकडं बी म्हनत्यात व्हय असं?"